‘मधल्या कंपनीत जाऊ नका’ या मेसेजला उत्तर

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि माहेरच्या ग्रुपवरही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोनशे ते हजार माणसांच्या आयटी कंपनीत पोरांना पाठवू नका. मोठ्या कंपनीची सुरक्षितता तिथे नाही आणि स्टार्टअपसारखी वाढही नाही. शिकायला काही मिळत नाही. नियमांचा पत्ता नसतो, पीएफ बुडतो. एकाकडून पाच जणांचं काम करून घेतात. पगार कमी, आणि बायोडेटावर त्या नावाला किंमत शून्य. शेवटी सल्ला आहे की मोठ्या कंपनीचं बोलावणं येईपर्यंत मुलगा घरी बसला तरी चालेल.

माझ्या आतेबहिणीच्या मुलीने हे वाचून नवी मुंबईत रबाळ्याच्या एका कंपनीची ऑफर नाकारायची तयारी केली होती, म्हणून हे लिहिते आहे. मी स्वतः महापेला अशाच एका कंपनीत आहे. तीन-साडेतीनशे माणसं असू. औषधांच्या घाऊक विक्रेत्यांसाठी बिलिंगचं आणि साठ्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याआधी ऐरोलीत एका बड्या कंपनीत होते, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायले आहे.

शिकायला मिळत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात खोटा वाटतो, म्हणून आधी तोच घेते.

3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेने 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू 5 आणि 18 मध्ये आणायचं ठरवलं. अंमल 22 सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला. बहुतेक औषधं 12 वरून 5 वर आली आणि 33 जीवरक्षक औषधांवरचा कर शून्य झाला. बातमीत हे दोन ओळींचं होतं. आमच्यासाठी तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळात करायचं मोठं काम होतं.

आमच्याकडे प्रत्येक औषधाच्या नोंदीत कराचा एकच दर असायचा. तो बदलला की जुनं बिल पुन्हा छापतानाही नवाच दर उचलला जाणार. 20 सप्टेंबरला 12 टक्क्यांनी विकलेला माल दिवाळीत परत आला, तर त्या बिलावरची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचे पैसे वळते करायची पावती, 12 टक्क्यांनीच निघायला हवी. तेच औषध त्याच दिवशी नव्याने विकलं तर 5 टक्के. औषधांच्या धंद्यात मुदत संपलेला माल परत येणं रोजचंच आहे, त्यामुळे ही अडचण कधीतरी येणारी नव्हती, पहिल्याच दिवशी येणार होती. दर औषधाला न बांधता तारखेला बांधायचा होता. त्यात जुन्या एमआरपीच्या स्ट्रिप गोदामांत पडून. औषधांच्या किमतींवर देखरेख करणाऱ्या एनपीपीएने सांगितलं की सुधारित दरपत्रक दुकानापर्यंत पोचून नव्या किमतीने विक्री होत असेल, तर माल परत बोलावून लेबल बदलणं सक्तीचं नाही. विक्रेत्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण आमच्या पडद्यावर आता एकाच बॅचला दोन किमती दाखवायच्या होत्या, पाकिटावरची आणि विकायची.

या कामात आमच्याकडचा एक मुलगा पहिल्या दिवसापासून होता. त्याची ही पहिलीच नोकरी, कॉलेज संपून फार काळ झालेला नाही. तो भिवंडीच्या एका गोदामात जाऊन परत आलेला माल मोजणाऱ्या माणसाशेजारी बसला, त्याच्याकडून रजिस्टर समजून घेतलं. दरांच्या नव्या टेबलची रचना त्याने मांडली. कर शून्य होणं आणि दर भरायचाच राहून जाणं या दोन गोष्टी त्या रचनेत सारख्याच दिसत होत्या, हे आमच्या वरिष्ठांनी दाखवून दिलं, तेव्हा त्याने ती बदलली. टेस्टिंगच्या मुलींबरोबर बसून कुठे कुठे चुकू शकतं ते तपासायचे प्रसंग काढले. 21 च्या रात्री अपडेट सोडताना तो होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या विक्रेत्याचा वैतागलेला फोनही त्यानेच घेतला.

बड्या कंपनीत मी सुरुवातीला एका परदेशी ग्राहकाच्या प्रणालीतला एक रिपोर्ट सांभाळत असे. तो रिपोर्ट कोण उघडतं, त्यावरून काय ठरतं, हे मला तिथून निघेपर्यंत कळलं नाही. तिथलं ट्रेनिंग उत्तम होतं, हे मी मान्यच करते. कोड कसा तपासावा, लिहून कसं ठेवावं, ही शिस्त मी तिथेच उचलली, आणि मधल्या कंपन्यांत ती कमी असते. पण केलेल्या कामाचा परिणाम कोणावर झाला, हे बघायला मिळणं हेही शिक्षणच आहे आणि ते ट्रेनिंग सेंटरमध्ये देता येत नाही.

टेक्नॉलॉजी जुनी असते म्हणतात. असते. आमचा निम्मा कोड जुना आहे. पण वर्षानुवर्षं पैसे कमावून देणारं सॉफ्टवेअर जुनं होणारच. जगातल्या कितीतरी मोठ्या बँकांचे व्यवहार आजही कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात. चालू धंदा न थांबवता जुन्या कोडमधून वाट काढता येणं, हे कौशल्य कमी दर्जाचं मानायचं कारण मला दिसत नाही.

आता सुरक्षितता. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून अधिक माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं होती, म्हणजे गृहकर्जाचे हप्ते चालू असलेली, मुलं शाळेत असलेली. ठाण्यात आपल्या ओळखीत त्या कंपनीतलं कोणीतरी असतंच. मी त्या कंपनीला वाईट म्हणत नाही. मुद्दा इतकाच की मोठं नाव म्हणजे कायमची नोकरी, हा हिशेब आता जुळत नाही.

मधल्या कंपनीचा धोका वेगळा असतो आणि तो खरा आहे: निम्मं उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येत असेल आणि तो गेला, तर दोन-तीन महिन्यांत पगार लांबायला लागतात. असं झालेल्या कंपन्या ठाणे-बेलापूर रोडवर मी पाहिल्या आहेत. पण हा धोका आधी तपासता येतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच सांगितलेलं नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की खासगी कंपनीचेही ताळेबंद उघडून वाचता येतात. उत्पन्न वाढतंय की घटतंय, कर्ज किती, हे कॉमर्स शिकलेल्या कोणत्याही काकांना दाखवा, ते दहा मिनिटांत सांगतील. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या पोर्टलवर कंपनीच्या नावाने शोध घेतला की तिने कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा भरला, हे दिसतं. हे फुकट आहे. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. तो सतत उशिरा होत असेल किंवा माणसांचा आकडा महिन्यामागून महिना खाली येत असेल, तर त्या कंपनीत जाऊ नका, मग तिचं ऑफिस कितीही चकचकीत असो.

इथेच नियम आणि पीएफचा मुद्दाही आला. कायदा कंपनीच्या नावाचा मोठेपणा बघत नाही, डोकी मोजतो. 20 माणसं झाली की पीएफ लागू. 10 झाली की ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची बाळंतपणाची भरपगारी रजा मधल्या कंपनीतही तेवढीच, आणि 50 माणसांपासून पाळणाघराची सोय करणं बंधनकारक. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा आणि पाळणाघराचे हे आकडे तेच राहिले. उलट ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता पाच वर्षं न थांबता एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. तीनशे माणसांची कंपनी यांतल्या कशातूनही सुटत नाही. पाळणाघर कागदावरच असलेल्या कंपन्या आहेत, मलाही माहीत आहे. म्हणूनच मुलाखतीत मुलींनी ते कुठे आहे हे सरळ विचारावं.

काही बाबतींत मेसेजने म्हटल्यापेक्षाही परिस्थिती वाईट आहे. ग्रुप इन्शुरन्समध्ये आई-वडील बहुतेकदा नसतात. वैयक्तिक कर्ज देताना बँका कंपन्यांच्या श्रेणी ठरवतात, ओळखीचं नाव नसेल तर कागदपत्रं जास्त आणि व्याजही थोडं चढं. कंपनीची बस नसते. घणसोलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत पावसात उभं राहणं आहेच. ‘सरांचा भाचा’ अचानक मॅनेजर होऊन येतो, असंही होतं. या गोष्टी ऑफर घेताना मोजायला हव्यात.

पाच जणांचं काम एकटा करतो, हे अर्धं खरं. एकाच दिवसात ग्राहकाचा फोन, डेटाबेसची क्वेरी आणि नव्या मुलाची शंका, हे सगळं माझ्याकडे येतं. पण त्यामुळे रोज रात्री अकरा वाजतात, हे खोटं. आमच्याकडे अशा रात्री रिलीजच्या वेळी येतात, आणि बाकी दिवशी मी सातच्या आत ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये असते. 21 सप्टेंबरच्या रात्री ज्या मुली थांबल्या त्यांची आधी संमती घेतली होती, आणि घराच्या दारापर्यंत गाडी सोडायला गेली. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या स्त्रीसाठी या दोन्ही अटी आहेत. ज्या कंपनीत त्या पाळल्या जात नाहीत तिथे आवाज उठवायलाच हवा, मग माणसं तीनशे असोत की तीन लाख. सतत उशिरापर्यंत थांबवून घेणारे मॅनेजर मी ऐरोलीतही पाहिले.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. सेवा देणाऱ्या बड्या आयटी कंपन्यांत नव्या मुलांचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. मधल्या कंपनीत सुरुवात तेवढीच किंवा थोडी कमी असते. पुढची वाढ अप्रेझलच्या तक्त्यावर कमी आणि तुमच्याशिवाय काय अडतं यावर जास्त ठरते. याने काहींचा फायदा होतो आणि जे न मागता गप्प बसतात त्यांचं नुकसान होतं. मराठी मुलं इथे फार मागे राहतात, आणि याचं मला वाईट वाटतं.

बायोडेटावरच्या नावाला पहिल्या चाळणीत किंमत असते. तेवढं खरं. पण मी गेली काही वर्षं मुलाखती घेते, आणि खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटांत नाव बाजूला पडतं. तुम्ही केलेली गोष्ट बंद पडली तर सगळ्यात आधी कोणाचं काम अडेल, हे मी विचारते. भिवंडीला जाऊन बसलेल्या मुलासारख्यांना उत्तर शोधावं लागत नाही.

आणि घरी बसण्याचा सल्ला. 2022 च्या बॅचमधल्या कितीतरी मुलांना बड्या कंपनीचं ऑफर लेटर हातात असूनही जवळजवळ दोन वर्षं रुजू होण्याची तारीख मिळाली नव्हती. या काळात आधी क्लासेसवाले त्यांच्याकडून पैसे काढतात, मग नातेवाईक विचारायला लागतात, मग मूल स्वतःवरच संशय घ्यायला लागतं. तेव्हा ताळेबंद आणि पीएफ तपासून ठीक वाटलं, तर मधल्या कंपनीत रुजू व्हा. दोन गोष्टी मात्र सही करण्याआधी वाचा. बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, असेल तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा, आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणार असतील तर तिथूनच परत फिरा. प्रोबेशनमधली नोटीस सहसा महिन्याभराची किंवा त्याहून कमी असते. मोठ्या कंपनीची तारीख पुढे आलीच, तर बाँड नसलेल्या मुलाला नोटीस देऊन, रिलीव्हिंग लेटर घेऊन तिकडे जाता येतं, आणि तोपर्यंतच्या महिन्यांचा पगार व अनुभव त्याच्या खात्यात जमा झालेला असतो.