मोठे डीजे येत नाहीत, म्हणून कोल्हापूरला कान नाही?

कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होतो. ग्रुप बदलतात, शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं. नावाजलेले डीजे मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू करतात आणि कोल्हापूर टाळतात, कारण इथल्या पब्लिकला डॉल्बीच्या दणक्यापलीकडं काही कळत नाही. जे थोडे येतात ते सगळे एकच वाजवतात. ज्याचे फॉलोअर्स जास्त तो मोठा. इथली पोरं नुसती गाणी एकमेकांना चिकटवतात. आणि शेवटी उपाय: दोन-चार परदेशी नावं आणा, सीन आपोआप उभा राहील.

हे पुढं पाठवणारे बहुतेक जण कोल्हापूरवर जीव असलेलेच आहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि त्यामुळं आपण भलतीच मागणी करत बसलोय.

डीजे कोल्हापूर टाळतात, कारण इथं चव नाही

दौऱ्यावरच्या डीजेचा आठवडा म्हणजे शुक्रवार, शनिवार आणि फार तर रविवार. या तीन रात्रींत तीन शहरं बसवायची असतात. पहाटे सेट संपला की दुपारपर्यंत पुढच्या शहरात पोचून साऊंड चेक करायचा. म्हणून जिथं दिवसभर विमानं सुटतात ती शहरं आधी भरतात. आपल्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला विमानं आहेत, पण मोजकी. पुण्याहून गाडीनं यायचं तर सुमारे २३० किलोमीटर, आणि सातारा-कागल रस्त्याच्या सहापदरीकरणाचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहेच.

आता पैशाचं बघू. समजा, तीनशे माणसांची जागा आहे आणि तिकीट पाचशे रुपये. एकही तिकीट शिल्लक राहिलं नाही तरी जमा होतात दीड लाख. त्यातून पाहुण्याचं मानधन, प्रवास, हॉटेल, साऊंड, लाइट, जनरेटर, जागेचं भाडं, पोलिस परवानगी, संगीत वाजवण्याचा परवाना, वर जीएसटी. शिवाय डीजेनं पाठवलेल्या सामानाच्या यादीतले सीडीजे प्लेअर (गाणी वाजवायची यंत्रं) आणि मिक्सर गावात भाड्यानं मिळाले नाहीत, तर तेही पुण्याहून मागवायचे. मुंबईत हाच कार्यक्रम हजार माणसांच्या जागेत होतो आणि खर्च तिपटीनं वाढत नाही. आयोजक पाय मागं घेतो तो या हिशेबामुळं. त्यात कोल्हापूरकराच्या आवडीनिवडीचा प्रश्न येतो कुठं?

ज्याचे फॉलोअर्स जास्त तो मोठा

दरवर्षी जगभर गाजणारी ‘डीजे मॅग’ची पहिल्या शंभरांची यादी वाचकांच्या ऑनलाइन मतांवर ठरते. ज्याची प्रसिद्धी यंत्रणा मोठी, त्याची मतंही मोठी. त्या रात्री त्या खोलीत तो माणूस कसा वाजवेल, याबद्दल ती यादी काहीच सांगत नाही.

मुंबईच्या चरणजित सिंग यांचं उदाहरण मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या वादकानं १९८२ मध्ये रोलंड कंपनीची टीबी-३०३ (बेसचा आवाज काढणारं) आणि टीआर-८०८ (ड्रम वाजवणारं) ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवले. ती तबकडी तेव्हा फारशी कुणी विकत घेतली नाही. शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ॲसिड हाऊस या नाचाच्या संगीताचा सूर निघाला तो पुढं १९८७ च्या सुमाराला. २०१० मध्ये तबकडी नव्यानं बाजारात आली तेव्हा जगाचे डोळे उघडले, आणि वयाच्या सत्तरीत हा माणूस युरोपात वाजवायला गेला. १९८२ मध्ये फॉलोअर्स मोजले असते तर हाती काय लागलं असतं?

येणारे सगळे एकच वाजवतात

या तक्रारीला थोडा वेळ द्यायला हवा, कारण ऐकणाऱ्याला खरंच तसं वाटतं. पण दोष नेमका कुठं आहे ते बघावं लागेल.

इलेक्ट्रॉनिक संगीतातले फरक बारीक असतात. हाऊस साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांवर चालतं. ठोक्यावर किक (मोठ्या ड्रमचा दणका) आणि दोन ठोक्यांच्या मधोमध उघडणारी हाय-हॅट (झांजांची जोडी), यामुळं ते झुलतं. टेक्नोतही किक प्रत्येक ठोक्यावरच असते, पण तिथं झोका कमी आणि दाब जास्त. ड्रम अँड बेस १७० च्या पुढं पळतं, तरी बेस अर्ध्या गतीनं चालल्यामुळं नाचणाऱ्याला दमछाक वाटत नाही. गोव्यात रुजलेल्या सायट्रान्समध्ये किकच्या मधल्या जागेत बेसचे स्वर ओळीनं बसवलेले असतात. या चार शैली ओळखायच्या तर किक कधी संपली आणि बेस कधी सुरू झाला, हे कानाला सुटं सुटं ऐकू यायला लागतं.

आपल्याकडं हे संगीत बहुतेक वेळा कुठं ऐकायला मिळतं? लॉनवर, मिरवणुकीत, किंवा काँक्रीटच्या उघड्याबोडक्या हॉलमध्ये. पन्नास हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. दोन्हीकडं इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात ती भिंतींवर आपटून परत येते आणि पुढच्या ठोक्यावर चढते. त्यात अँप्लिफायर ताकदीबाहेर ताणला की लाटेचा माथा कापला जातो आणि गोल ठोका चपटा होतो. वरचे बारीक आवाज या चिखलात बुडतात. मग हाऊस वाजवा, टेक्नो वाजवा, ऐकणाऱ्याला एकच धडधड.

दुसरं कारण वेळेचं. बाहेरून आलेल्या डीजेला आपण साठ किंवा नव्वद मिनिटं देतो, तीही मध्ये सत्कार आणि घोषणा घुसडून. एवढ्या वेळात तो आपली हुकमी गाणीच काढणार. हळूहळू गती वाढवणं, अनोळखी ट्रॅक मुरू देणं, मध्येच रस्ता बदलणं, हे तीन-चार तासांच्या सेटमध्ये जमतं. विविधता हवी असेल तर वेळ द्यावा लागतो आणि साऊंड नीट लावावा लागतो. पोस्टरवरची नावं वाढवून ती येत नाही.

कोल्हापूरकराला फक्त डॉल्बी कळतो

हा सगळ्यात जिव्हारी लागणारा मुद्दा, आणि यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी बोलून टाकतो. आपल्या मिरवणुकांतला आवाज धोकादायक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कानाच्या आरोग्यासाठी सर्वसाधारणपणे मानला जाणारा हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, आणि पुढं प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. बेसच्या भिंतीसमोर रात्रभर नाचणाऱ्या पोराचे कान त्याच रात्री खराब होऊ शकतात, आणि गेलेला कान परत येत नाही. पेठेतली म्हातारी माणसं, तान्ही बाळं, दवाखान्यातले पेशंट यांच्यासाठी डॉल्बीविरोधात जे उभे राहिले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. इलेक्ट्रॉनिक संगीतावर प्रेम असणाऱ्यांनी तर सगळ्यात आधी त्यांच्या बाजूनं बोलायला हवं.

पण आवाज मोठा आहे म्हणून ऐकणाऱ्याला समज नाही, हे मला मान्य नाही. या शहराचा कान हलगीवर तयार झालाय. हलगी, घुमकं हे चर्मवाद्य आणि कैताळ ही झांज एकत्र वाजताना नीट ऐकलंय का कधी? वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकून कातडं ताणून घेतात, सूर चढला की मगच हात घालतात. जाड आणि बारीक अशा दोन काड्यांनी एकाच कातड्यातून दोन वेगळे आवाज निघतात. खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की हलगीवाल्याची नजर पैलवानांवर असते. खडाखडी चालू असताना ठेका धिमा, पकड बसली की चढता, निकाली डाव पडायच्या बेताला आला की अख्खं मैदान त्या ठेक्यावर उभं राहतं. ताण वाढवत नेणं, रोखून धरणं आणि नेमक्या क्षणी सोडणं, नाचाच्या रात्रीचा डीजे हेच करत असतो. ही समज आलेल्या शहराला टेक्नो झेपणार नाही, असं कुणी कुठल्या आधारावर म्हणावं?

आणि जे कधी ऐकायलाच मिळालं नाही, त्याची आवड कशी दिसणार? डॉल्बी रस्त्यावर फुकट असतो. दुसरं काही ऐकायचं तर गोव्याला किंवा पुण्याला जावं लागतं, राहावं लागतं. २०१६ मध्ये सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव गोव्यातून पुण्यात आला, काही वर्षांनी परत गोव्याला गेला. ज्याच्या खिशाला परवडलं त्यानं बघितला. ज्याला परवडला नाही त्याला चव नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

इथली पोरं फक्त गाणी चिकटवतात

हाऊस संगीत जन्मलं ते असंच. फ्रँकी नकल्स हा डीजे शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये डिस्कोच्या तबकड्या लांबवत, कापत वाजवायचा, पुढं त्यांच्याखाली ड्रम मशीनही लावायला लागला. जमैकात ध्वनिमुद्रित गाण्यांतला आवाज काढून, बेस पुढं आणून डब तयार झालं, तेही रस्त्यावरच्या साऊंड सिस्टिमसाठी. आपल्याकडं हलगी मिक्स, बेंजो मिक्स, सिस्टिम तपासायला केलेले साऊंड चेक ट्रॅक बनतात, ते याच जातीचं काम आहे. सगळं चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. पुष्कळसं घाईचं आणि उसनं असतं. पण घरच्या कॉम्प्युटरवर हलगीचा एक तुकडा कापून तो नेमका कुठल्या ठोक्यावर बसवायचा, हे शोधणारा पोरगा संगीतच करतोय.

बाहेरच्या जगानं हे ओळखलंय. न्यूक्लिया या इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं २०१५ मध्ये आपला अल्बम मुंबईच्या गणेश विसर्जनात लोकांसमोर आणला. क्रेटेक्स या डीजेनं मराठी शब्दांवर हाऊस केलं आणि २०२४ मध्ये त्याचं गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं प्रसिद्ध केलं. मिरवणुकीच्या ठेक्याची आपल्याला लाज वाटावी असं त्यात काहीच नाही.

दोन-चार मोठी नावं आणा, सीन उभा राहील

सगळ्यात जास्त पैसा आणि उमेद या समजुतीपायी वाया जाते.

टेक्नोचा पाया घालणारे हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये एका शाळेत होते. गावाची वस्ती आजही चार हजारांच्या आसपास. तिथं कोण मोठा डीजे दौऱ्यावर येणार होता? त्यांना घडवलं डेट्रॉइटच्या रेडिओनं. इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक क्राफ्टवर्क आणि पार्लमेंट हे बँड, गायक प्रिन्स असं सगळं एकाच रात्रीत वाजवायचा आणि ही पोरं रोज ते ऐकायची. नेदरलँड्समधलं ब्रेडा घ्या. लोकसंख्या पावणेदोन-दोन लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या जवळ असलेल्या कोल्हापूर शहराच्या निम्मीही नाही. टिएस्टो तिथला, हार्डवेलही तिथलाच, आणि दोघंही ‘डीजे मॅग’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आले.

फ्रँकी नकल्स मूळचा न्यूयॉर्कचा. १९७७ मध्ये तो शिकागोला गेला आणि बरीच वर्षं तिथंच राहिला, आठवड्यामागून आठवडे त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर वाजवत. एका रात्रीचा पाहुणा म्हणून आला असता तर शिकागोत काहीच घडलं नसतं.

आणि कोल्हापूरला हे कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. गायक उस्ताद अल्लादिया खाँ राजस्थानातले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं, आणि १९२२ मध्ये महाराज गेले तोवर दोन तपांहून जास्त काळ ते इथले होते. जयपूर-अत्रौली गायकी महाराष्ट्रात रुजली ती या मुक्कामामुळं. खाँसाहेबांना फक्त एका मैफिलीचं बोलावणं असतं तर बिदागी घेऊन ते पुढं गेले असते. देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून या गावात आहे. गाणं ऐकायला ठरलेली जागा आणि ठरलेले दिवस लागतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पक्कं ठाऊक होतं.

आज आपल्याकडं तीच जागा नाही. दीडशे-दोनशे माणसं मावतील, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर असेल, साऊंड कायमचा लावलेला असेल आणि दर महिन्याला ठरल्या दिवशी कार्यक्रम होईल, अशी एक खोली. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा एक वास्तू जाणं म्हणजे काय असतं ते सगळ्या शहरानं अनुभवलंय. या संगीताला तर हक्काची जागा कधी मिळालीच नाही.

कायद्याची अडचण सांगितली जाते, तीही अर्धवट. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे ती मुख्यतः उघड्यावर. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत आतल्यापुरता आवाज चालतो, तो बाहेर गेला नाही पाहिजे. आणि नाच रात्रीच करायला हवा असं तरी कुठं आहे? रविवारी संध्याकाळी पाच ते दहा ठेवा. कॉलेजच्या मुली घरी वेळेत पोचतील, एमआयडीसीत सोमवारी पहिल्या पाळीला जाणारा येऊ शकेल, पोलिसांनाही त्रास नाही. पुण्यात शनिवारी वाजवून सोमवारी गोव्याला निघालेल्या डीजेलाही तो रविवार मोकळा असतो आणि आपण वाटेवरच आहोत.

महिन्यातला एक रविवार, तोच हॉल, शंभर-दोनशे रुपये तिकीट. पहिला तास नवख्या पोराला किंवा पोरीला, पुढचे दोन तास कोल्हापूरच्याच रेसिडेंट डीजेला, म्हणजे दर वेळी तिथंच वाजवणाऱ्याला. बाहेरचा पाहुणा तीन-चार महिन्यांतून एकदा, आणि आला की रेसिडेंटचा एक तास कमी करून त्याला किमान तीन तास. हॉलवाल्यांनी ठोक भाड्याऐवजी तिकिटात वाटा घ्यावा, साऊंडवाल्यांनी चार टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर) कमी लावून दोन दिवस आधी येऊन सिस्टिम जुळवावी, आणि दारात कानात घालायचे बोळे फुकट ठेवावेत.