अंगणातल्या उन्हात सिंथ ट्यून होत नाही

भुसावळच्या भाच्याने मला परवा एक फॉरवर्ड होत आलेला मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "मामा, झाकण काढून अंगणात ठेवलाय, किती वेळ राहू देऊ?" महिना मे, वेळ भर दुपारची, आणि अंगणात ठेवलेली वस्तू म्हणजे १९८२ साली बाजारात आलेला रोलँड या जपानी कंपनीचा एसएच-१०१ हा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य), जो त्याने मुंबईच्या एका निवृत्त वादकाकडून पैसे साठवून घेतला आहे. मी त्याला आधी तो उचलून घरात न्यायला सांगितले आणि मग मजकूर वाचला. 'जुना अ‍ॅनालॉग सिंथ घरीच ट्यून करा, मेकॅनिकला पैसे देऊ नका' असे त्याचे शीर्षक असून आतला उपदेश थोडक्यात असा आहे: झाकण काढून मशीन अर्धा तास उन्हात ठेवा, म्हणजे 'वॉर्म-अप' होईल, आतले सगळे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवणी करायचे छोटे रोध) मधोमध आणा, मोबाईलच्या ट्यूनरवर ४४० (सुराच्या कंपनसंख्येचा प्रमाण आकडा) दिसेपर्यंत ट्यूनचा प्रीसेट फिरवा, सगळ्या कंट्रोलवर बिजागरीला मारतात तो स्प्रे मारा, सगळे कॅपॅसिटर बदला, मशीन जपानी असेल तर फक्त प्लग बदला. हा मजकूर ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांच्या गटांतून जळगाव-धुळ्याकडे बिनदिक्कत फिरत असल्यामुळे त्याला उत्तर देणे भाग आहे.

सुरुवात उन्हापासून करतो, कारण यापेक्षा अचाट सल्ला मी या विषयात ऐकलेला नाही. खान्देशात ऊन फुकट मिळते म्हणून पापड-कुरडयांच्या शेजारी सिंथही वाळत घालावा, असा काहीसा हिशेब लिहिणाऱ्याने केलेला दिसतो. वॉर्म-अप म्हणजे मशीन बाहेरून भाजणे नव्हे. वाद्य चालू केल्यावर त्याच्याच विजेने आतले भाग हळूहळू तापतात आणि काही वेळाने तापमान एका जागी स्थिरावते. त्या स्थिर अवस्थेला वॉर्म-अप म्हणतात. त्यासाठी झाकण बंद हवे, मशीन चालू हवे आणि जागा ती हवी जिथे ते वाजणार आहे. झाकण काढून उन्हात ठेवलेल्या, तेही बंद असलेल्या मशीनमध्ये आतल्या सर्किट बोर्डाचे एक टोक सावलीत आणि दुसरे चटके देणारे, अशी अवस्था होते. प्लास्टिकचे जुने अंग पिवळे पडते ते वेगळेच.

तापमानाचा इतका बाऊ का करायचा, याचे कारण या वाद्यांच्या मुळाशीच आहे. एसएच-१०१ सारख्या वाद्यात एका सप्तकाला एक व्होल्ट असा करार असतो: तुम्ही एक सप्तक वरची पट्टी दाबली की ऑसिलेटरकडे (मूळ सूर निर्माण करणाऱ्या भागाकडे) जाणारे व्होल्टेज बरोबर एक व्होल्टने वाढते आणि ऑसिलेटरने आपली कंपनसंख्या दुप्पट करायची असते. व्होल्टेज वाढते बेरजेने आणि कंपने वाढायला हवीत गुणाकाराने, हे रूपांतर ट्रान्झिस्टरच्या एका गुणधर्मावर चालते. त्याच्या बेसवरचे व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. मात्र हे १८ मिलिव्होल्ट पक्के नसतात. ते निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतात, म्हणजे २७ अंशांच्या आसपास दर अंशामागे सुमारे ०.३३ टक्के. सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधले बारीक अंतर मोजायचे एकक) धरले तर ही चूक सप्तकामागे, अंशामागे ४ सेंटची होते. आता दुपारी ४४ अंशांत जुळवलेले मशीन रात्री २८ अंशांत लग्नाच्या मांडवात वाजवा. तापमानाची काहीच भरपाई केलेली नसेल तर १६ अंशांचे ६४ सेंट झाले, तेही प्रत्येक सप्तकामागे. कोमल आणि शुद्ध ऋषभात अंतर १०० सेंटचे असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

इथे कोणी म्हणेल की ही वाद्ये बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते का. ठाऊक होते, आणि एसएच-१०१ च्या बाबतीत मला नाइलाजाने एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यातला ऑसिलेटर कर्टिस कंपनीच्या सीईएम ३३४० या चिपवर चालतो, आणि या चिपच्या डेटाशीटमध्येच (कंपनीच्या माहितीपत्रकात) लिहिले आहे की तापमानाची भरपाई पूर्णपणे चिपच्या आत केलेली असून त्यासाठी बाहेरून तापमानानुसार बदलणारा खास रोध लावण्याची गरज नाही. म्हणजे वर काढलेला ६४ सेंटचा आकडा भाच्याच्या मशीनला जसाच्या तसा लागू होत नाही. त्याची चूक बरीच कमी असेल. परंतु चिपबाहेरचे रोध, कॅपॅसिटर आणि संदर्भ-व्होल्टेज यांना उन्हाचा जाच होतोच, आणि ज्यांच्याकडे त्याआधीच्या पिढीची मशीन आहेत त्यांना तर डेटाशीटचा हा दिलासाही नाही. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथवर ट्यूनचे बटण दिलेले होते, ते दाबले की मशीन स्वतःच आपले ऑसिलेटर मोजून सुधारते. बनवणाऱ्यांनीच वाद्य जिथे वाजते तिथे तापल्यावर जुळवण्याची सोय केली, त्याचा अर्थ उघड आहे.

आता प्रीसेट. 'सगळे मधोमध आणा' हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही मशीन उघडलेले नसावे. त्या बोर्डावरचे सगळे प्रीसेट ऑसिलेटरचे नसतात. काही फिल्टरचे (आवाजाचा पोत घडवणाऱ्या भागाचे) असतात, काही पट्ट्यांचे व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाचे. कारखान्यात ते प्रत्येक मशीनपुरते जुळवलेले असतात आणि मधोमध ही जागा कोणाचीच बरोबर नसते. एकदा ते फिरवले की आधीची खूणही गेली. हात लावण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावा आणि प्रत्येक प्रीसेटवर बारीक पेनाने रेघ ओढावी, एवढे तरी त्या मजकुरात लिहायचे होते.

त्याहून मोठी गफलत पुढच्या वाक्यात आहे. ४४० वर एक स्वर जुळला म्हणजे वाद्य जुळले, असे हा मनुष्य समजतो. ट्यूनचा प्रीसेट सगळ्या स्वरांना एकदम वर-खाली करतो. दोन स्वरांमधले अंतर ठरवणारा प्रीसेट निराळा असतो, त्याला विड्थ किंवा स्केल म्हणतात. विड्थ एका टक्क्याने चुकली तर सप्तकाला १२ सेंटची तूट किंवा वाढ पडते, आणि एसएच-१०१ च्या ३२ पट्ट्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती ३० सेंटच्या घरात जाते. मधला स्वर ट्यूनरवर हिरवा आणि टोकाचे दोन्ही बेसूर, असे वाद्य घेऊन मंचावर बसणाऱ्याला दोष कुठे आहे तेच कळत नाही.

हे काम घरी होत नाही असे मी म्हणत नाही, आणि मोबाईलचा ट्यूनर त्याला पुरतो हेही खरे आहे. पण क्रम सांभाळावा लागतो: आधी पॉवर सप्लायची व्होल्टेज, मग पट्ट्यांचे व्होल्टेज, मग ऑसिलेटर आणि शेवटी फिल्टर. एसएच-१०१ मध्ये पट्ट्यांचे व्होल्टेज झाकण न उघडताही तपासता येते, कारण मागे सीव्ही आउटचा (पट्ट्यांचे व्होल्टेज बाहेर देणारा) जॅक आहे. पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय) बंद करून एक पट्टी दाबा, मल्टिमीटरचा आकडा लिहून घ्या, सप्तक वरची तीच पट्टी दाबा, फरक १.००० व्होल्ट हवा. बाजारातला स्वस्त मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टच्या टप्प्याने मोजतो, आणि १० मिलिव्होल्ट म्हणजे १२ सेंट, म्हणून निदान एक मिलिव्होल्ट दाखवणारे मीटर मागून आणावे. हा फरक बरोबर असेल तरच ऑसिलेटरकडे वळावे. खालचा स्वर ट्यूनने जुळवावा, वरच्या स्वराची चूक विड्थने कमी करावी, त्याने खालचा स्वर पुन्हा सरकतो, तो पुन्हा ट्यूनने आणावा. असे दोन्ही टोकांची चूक मावळेपर्यंत करत राहायचे. फिरवायला प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, आणि झाकण लावून मशीन पुन्हा तापू देऊन एकदा पडताळावे, कारण झाकण उघडले की आतली हवा थंड होते आणि सूर सरकतो. रोलँडच्याच ज्युनो-१०६ या सिंथची गोष्ट वेगळी, त्याचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, त्यामुळे त्याच्या सुरासाठी आत प्रीसेट शोधत बसू नये.

स्प्रेबद्दल फार लिहीत नाही. बिजागरीचा स्प्रे मागे तेल सोडतो, त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि स्लायडर चार महिन्यांत खरखरू लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मागावा. कॅपॅसिटरचा मुद्दा अर्धा खरा आहे. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर चाळीस वर्षांत सुकतात आणि ते बदलणे रास्तच आहे. पण 'सगळे' म्हणून ऑसिलेटरचा टायमिंग कॅपॅसिटर (ज्यावर कंपनांचा वेग ठरतो तो) काढून तिथे दुकानदाराने दिलेला साधा सिरॅमिक लावला तर तापमानाला सूर सरकण्याचा आजार तुम्ही स्वतःच्या हाताने विकत घेतला.

राहिले ते प्लगचे वाक्य, आणि ते वाचून मला राग आला. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३० ची. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या आणि आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या मशीनला नुसता आपला प्लग लावला की त्याला दुपटीहून जास्त व्होल्टेज मिळते. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि सोबत दुसरे काय जाईल ते सांगता येत नाही. त्यातून झाकण उघडे असेल तर स्विच आणि फ्यूजच्या टोकांवर जिवंत २३० व्होल्ट असतात. भाच्याचा एसएच-१०१ नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर किंवा सहा सेलवर चालतो, म्हणून तो या धोक्यातून सुटला. त्यालाही कुठलाही अडॅप्टर लावण्याआधी जॅकजवळ छापलेली अधिक-उणेची खूण पाहायला मी सांगितले आहे. बाकीच्यांनी मशीनच्या मागचे लेबल वाचावे, आणि तिथे १०० लिहिलेले असेल तर २३० चे १०० करणारा, मशीनच्या वॅटपेक्षा मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हातात येईपर्यंत ते भिंतीच्या सॉकेटला लावू नये.