स्क्रीनशॉट काढला म्हणजे काम झाले?

"महत्त्वाचे संभाषण असो, पासवर्ड असो की व्यवहाराचा तपशील, लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि निर्धास्त राहा," असा सल्ला देणारा मजकूर सतत फिरत असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते की स्क्रीनशॉट हा नाकारता न येणारा पुरावा असतो, नको तो भाग कापला किंवा रंगवला की कायमचा जातो, स्क्रीनशॉट काढल्याचे कोणाला कळत नाही आणि तो आपल्या फोनबाहेर जात नाही. यांपैकी एकही विधान सरसकट खरे नाही आणि पहिले तर सर्वांत घातक आहे.

पुराव्यापासूनच सुरुवात करू. स्क्रीनशॉट घेताना फोन काचेवर उमटलेल्या दृश्याचा फोटो काढत नाही. निरनिराळ्या ॲपनी आखलेले थर एकत्र करून स्क्रीनकडे पाठवायचे जे चित्र मेमरीत तयार होते, त्याची प्रत तो फाइल म्हणून जतन करतो. म्हणूनच काच तडकलेली असली तरी स्क्रीनशॉटमध्ये तडा दिसत नाही आणि ब्राइटनेस अगदी कमी ठेवून घेतलेला स्क्रीनशॉट दुसऱ्याच्या फोनवर लख्ख दिसतो. ॲपने त्या क्षणी काय दाखवले एवढेच त्यावरून समजते. दिसणारे शब्द कोणी लिहिले, हे समजत नाही. खोटे संभाषण रचायला तांत्रिक कौशल्यही लागत नाही. हाताशी असलेला दुसरा नंबर एखाद्याच्या नावाने सेव्ह करायचा, त्या खात्याला त्याचाच फोटो लावायचा, हवे ते संदेश आपणच आपल्याला पाठवायचे आणि स्क्रीनशॉटची बटणे दाबायची. या चित्रातल्या एकाही पिक्सेलला हात लावलेला नसल्यामुळे त्यात फेरफार शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खऱ्या संभाषणातला मधलाच एखादा संदेश केवळ आपल्यापुरता डिलीट केला, तर त्याची खूणही मागे राहत नाही आणि उरलेल्या वाक्यांचा अर्थ पार बदलू शकतो. वाद झालाच तर दोन्ही बाजूंच्या फोनमधले मूळ संभाषण, मूळ ईमेल किंवा व्यवहार क्रमांक यांना वजन असते. त्यामुळे स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश डिलीट करणारा माणूस स्वतःचाच पुरावा नष्ट करत असतो.

आता कापण्या-रंगवण्याविषयी. मार्च २०२३ मध्ये सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या संशोधकांनी गूगलच्या पिक्सेल फोनमधील 'मार्कअप' या चित्र-संपादनाच्या साधनातला एक दोष उघड केला. स्क्रीनशॉट क्रॉप करून सेव्ह केला की नवी, लहान फाइल जुन्या फाइलवर लिहिली जाई, परंतु जुन्या फाइलचा उरलेला शेवटचा भाग छाटलाच जात नसे. चित्र दाखवणारे ॲप नव्या चित्राच्या समाप्तीच्या खुणेपाशी थांबत असल्यामुळे पाहणाऱ्याला काही जाणवत नसे. मात्र मागे राहिलेल्या माहितीतून कापलेल्या चित्राचा बराच भाग पुन्हा उभा करता येत असे. काहीच दिवसांत विंडोज ११ मधील स्निपिंग टूल या स्क्रीनशॉट घेण्याच्या साधनातही तसाच दोष सापडला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली. पण त्याआधी पाठवून झालेली चित्रे दुरुस्तीने बदलत नाहीत. काही संकेतस्थळे अपलोड झालेले चित्र नव्याने तयार करतात म्हणून तेथील चित्रे वाचली, म्हणजे श्रेय आपल्या कापण्याला नाहीच. रंगवण्याची गोष्ट याहून साधी आहे. हायलायटरची रेघ अर्धपारदर्शक असते. तिच्यावर तीच रेघ पुन्हा पुन्हा ओढून भाग काळाकुट्ट दिसू लागला, तरी एक्स्पोजर आणि ब्राइटनेस वाढवल्यावर खालचे आकडे वर येऊ शकतात. झाकायचेच असेल तर पूर्ण अपारदर्शक चौकोन वापरावा.

कोणाला कळत नाही, हे विधान ॲपवर अवलंबून आहे. व्हॉट्सॲपच्या साध्या संभाषणात समोरच्याला सूचना जात नाही (स्क्रीनशॉट काढला की संदेशावर तिसरी निळी खूण उमटते, ही निव्वळ अफवाच आहे), पण स्नॅपचॅटवर ती जाते. आयफोनवर स्क्रीनशॉट घेतल्याचे ॲपला कळू शकते आणि अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून तशी अधिकृत सोय तिथेही आली आहे. अँड्रॉइडवरील बँकांची अनेक ॲप तर स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत. अर्थात, दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे हे सगळे बंदोबस्त फोल ठरतात, तेव्हा पाठवणाऱ्यानेही त्यांच्या भरवशावर राहू नये.

राहिला फोनबाहेर न जाण्याचा दावा. आयफोनवर 'आयक्लाउड फोटोज' ही फोटो इंटरनेटवर साठवण्याची सोय चालू असेल तर स्क्रीनशॉटही इतर फोटोंबरोबर क्लाउडवर जातात आणि त्याच खात्याने उघडलेल्या आणि हीच सोय चालू असलेल्या प्रत्येक उपकरणावर दिसू लागतात. काही फोन स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि ॲपचे नावदेखील घालतात. ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर नाव तसेच पुढे जाते. अधिक गंभीर बाब म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाच्या घातक प्रणालीची माहिती दिली. गूगल प्ले आणि ॲपल ॲप स्टोअर या दोन्ही ठिकाणच्या काही ॲपमध्ये ती दडलेली होती. फोटो पाहण्याची परवानगी मिळाली की ती गॅलरीतील चित्रांमधला मजकूर वाचत असे आणि क्रिप्टो वॉलेट (आभासी चलन ठेवण्याचे डिजिटल पाकीट) परत मिळवण्याचे गुप्त शब्द असलेली चित्रे शोधून ती बाहेर पाठवत असे. अशा शब्दांचा स्क्रीनशॉट काढून ठेवणाऱ्यांनी चोरांचे काम सोपेच केले होते.

म्हणून पासवर्ड आणि तत्सम गुप्त मजकूर पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद जपणाऱ्या ॲपमध्ये ठेवावा, कोणत्याही ॲपला संपूर्ण गॅलरीऐवजी निवडक फोटोंचीच परवानगी द्यावी आणि असे जुने स्क्रीनशॉट डिलीट करावेत. त्यानंतर 'अलीकडे डिलीट केलेले' हा अल्बमही रिकामा करावा लागतो, कारण आयफोनवर डिलीट केलेला फोटो साधारण ३० दिवस तिथे तसाच पडून असतो.