सोसायटीच्या जिममुळे पाच लाख वाचतात? हिशेब मांडून बघू

भाचीचं लग्न ठरलंय. ती आणि होणारे जावई पिंपरी-चिंचवडमधल्या वाकड-पुनावळे भागात फ्लॅट बघत फिरताहेत. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे बरोबर आहे का?" तुमच्याही ग्रुपवर तो आला असेल. दोन-अडीच लाख जास्त गेले तरी जिम असलेल्याच सोसायटीत फ्लॅट घ्या, असं त्यात म्हटलंय आणि चार कारणं दिली आहेत. बाहेरच्या जिमचे वर्षाला पंचवीस हजार, म्हणजे वीस वर्षांत पाच लाख वाचतात. जिम बिल्डर देतो, नंतर फारसा खर्च नसतो. घराखालीच असल्याने व्यायाम बुडत नाही. आणि फ्लॅट विकताना भाव चांगला येतो.

आमच्या सोसायटीचा मी तीन वर्षं खजिनदार होतो. जिमची बिलं माझ्या सहीने गेली आहेत. म्हणून तिला दोन ओळींत उत्तर न देता सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा पाच लाखांचा. वाचलेले पैसे मोजताना घातलेले पैसेही मोजायला हवेत, आणि फॉरवर्ड तिथेच गप्प बसतो. अडीच लाख जास्त दिले ते बहुतेकांच्या बाबतीत गृहकर्जातूनच जातात. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली, तर अडीच लाखांचा हप्ता महिन्याला साधारण २,१७० रुपये बसतो. वर्षाचे झाले २६,०००. वीस वर्षांत बँकेला ५ लाख २० हजार जातात. म्हणजे जी रक्कम वाचणार होती, ती हप्त्यातच संपली. वर फ्लॅटची किंमत वाढली की तिच्यावरचे करही वाढतात. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या घरांच्या गटात न बसणाऱ्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, एकट्या महिलेच्या नावावर खरेदी असेल तर ६. अडीच लाखांवर हे मिळून आणखी ३०,००० होतात, आणि त्यातलं मुद्रांक शुल्क सहसा कर्जात बसत नाही, रोख काढावं लागतं. शिवाय बाहेरची जिम नको वाटली तर पुढच्या वर्षी फी भरायची नाही, विषय संपला. हप्ता असा थांबवता येत नाही.

दुसरा मुद्दा, बिल्डर देतो आणि नंतर खर्च नाही. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण नवं जोडपं इथेच फसतं. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत सोसायटीच्या फिटनेस सेंटरला एकूण बांधकामाच्या २ टक्क्यांपर्यंतची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल या मर्यादेत, न मोजता मिळते. विकता आली असती अशी जागा बिल्डरने सोडली, असं तिथे म्हणता येत नाही. मशिनं तो एकदाच आणतो. पुढची जबाबदारी सभासदांची.

आमच्याकडचं सांगतो. ताबा मिळाला तेव्हा दोन ट्रेडमिल, एक सायकल, एक मल्टी-जिम आणि डंबेल्सचा स्टँड होता. ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली ठरावीक काळाने सिलिकॉन तेल घालावं लागतं. ते कुणी घालायचं हे ठरलंच नव्हतं. पट्टा कोरडा पडला, घर्षण वाढलं, मोटर तापायला लागली आणि एका सकाळी मशिन चालता चालता बंद पडलं. मेकॅनिकने पट्टा उचलून दाखवला. खालची फळी मधोमध चकचकीत झिजलेली, पट्ट्याच्या कडेचे धागे सुटलेले. वॉरंटी विचारली तर कळलं, मॉडेल घरगुती वापराचं आहे, सामायिक वापराला वॉरंटी लागू नाही. कंट्रोल पॅनेलवर सेलोटेपने कागद लागला, "मशिन बंद आहे, वापरू नये". तो कागद पिवळा पडेपर्यंत तिथेच होता, कारण वार्षिक सर्वसाधारण सभेत दुरुस्तीचा खर्च दोनदा नामंजूर झाला. "आम्ही जातच नाही तर आम्ही का द्यायचे?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखंच लागतं. वन बीएचकेमधल्या एकट्या आजीही तेवढंच देतात.

इथे कराचीही एक गोष्ट बघून ठेवा. एका फ्लॅटचा मेंटेनन्स महिन्याला ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक जमा २० लाखांपेक्षा जास्त असली, तर १८ टक्के जीएसटी लागतो. केंद्राच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे तो पूर्ण रकमेवर आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फक्त वरच्या रकमेवर घ्यावा असं म्हटलं. परिपत्रक धरलं तर ७,२०० चा मेंटेनन्स जिमच्या खर्चाने ७,६०० झाला की कराचेच १,३६८ रुपये वाढतात. उलट बाहेरच्या जिमच्या फीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

तिसरं कारण मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. आमच्या विंगमधल्या एका काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्टने सायकल चालवायला सांगितली होती. त्या लिफ्टने खाली येऊन रोज चालवायच्या. रिक्षा करून बाहेरच्या जिमला त्या गेल्या नसत्या. लहान मूल घरी असलेल्या दोन-तीन जणीही अर्धा तास मिळाला की येत. त्यांच्यासाठी ही जिम लाखमोलाची होती. पण नोकरी करणाऱ्यांचं काय? सगळ्यांना वेळ एकच, सकाळी साडेसहा ते आठ. दोन ट्रेडमिल, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर दीड तासात जेमतेम आठ माणसं होतात. फ्लॅट दोनशेच्या वर. बाकीची माणसं पंधरा दिवस रांगेत थांबतात, मग यायची बंद होतात. त्यांना आळशी म्हणणं अन्याय आहे. आणि शिकवायला कुणीच नाही. एका मुलाने मोबाईलवर बघून डेडलिफ्ट केली आणि तीन आठवडे कंबर धरून बसला.

विकतानाच्या भावाबद्दल थोडक्यात. जुना फ्लॅट घेणारा आधी पाणी विचारतो, उन्हाळ्यात टँकर किती लागतात ते विचारतो, मग पार्किंग, मग कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालं का. दहा वर्षांची ट्रेडमिल बघून कुणी वाढवून पैसे देत नाही. भाड्याने द्यायचा असेल तर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांना जिम आवडते, हे खरं आहे. पण ती चालू असली तर.

तेव्हा भाचीला मी एवढंच सांगितलंय. नवीन प्रकल्प असेल तर करारनामा उघडून बघ. सुविधांचा तपशील आणि त्या कधी मिळणार याची तारीख त्यात लिहिणं महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये बंधनकारक केलं आहे. नुसतं "जिम" लिहिलं असेल तर मशिनं कुठली, किती, व्यावसायिक वापराची की घरगुती, हे लिहून माग. रेडी फ्लॅट असेल तर सेक्रेटरींकडे मागच्या वर्षीचं हिशेबपत्रक माग आणि त्यात जिमच्या देखभालीचा वार्षिक करार आहे का ते शोध. आणि रविवारी दुपारी एजंटबरोबर जिम बघू नकोस. कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता जा. किती माणसं आहेत ते मोज, कुठल्या मशिनवर कागद चिकटवलाय ते बघ आणि जमलं तर ट्रेडमिलच्या पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरव. धागे हाताला लागले तर मला लगेच फोन कर. तुम्ही दोघं आठवड्यातले पाच दिवस खरंच जाणार असाल, मशिनं नीट चालत असतील आणि जास्तीचे पैसे अडीच लाख नसून पन्नास-साठ हजार असतील, तर तो फ्लॅट घ्या, मी स्वतः बोलणी करायला येतो.

ती येत्या मंगळवारी जाणार आहे.