काबुकिचोत रस्त्यावरच्या माणसामागे जाऊ नका म्हणजे जाऊ नका!

परवा पुन्हा तेच. पुण्याहून पहिल्यांदाच टोकियोला आलेली चार पोरं शिंजुकूतल्या काबुकिचो या बार-क्लबांच्या वस्तीची ती लाल कमान ओलांडतात न ओलांडतात, तोच सुटातला एक जण चिकटला. ‘एक तास, तीन हजार येन, हवं तेवढं प्या.’ तासाभराने बिल आलं एक लाख ऐंशी हजारांचं! तीन हजार नुसते आत बसायचे. मग माणशी टेबल चार्ज, शेजारी येऊन बसलेल्या मुलींची ड्रिंक्स, न मागितलेली शेंगदाण्यांची बशी, तिचे वेगळे, वर तीस टक्के सर्व्हिस, त्या सगळ्यावर दहा टक्के टॅक्स. शेंगदाण्यांचेसुद्धा! दाराशी दोन धिप्पाड इसम उभे, आणि तिसरा एकाला एटीएमकडे घेऊन निघालेला.

हे सगळं कुठे? जिथे ‘गिऱ्हाईक ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका’ असं लाऊडस्पीकर बोंबलत असतो, त्याच्याच खाली. शिंजुकू वॉर्डाने 2013 मध्ये या लोकांविरुद्ध नियम केला, टोकियोचा लुबाडणूकविरोधी कायदा तर 2000 चा. तरी रोज संध्याकाळी ही माणसं हजर! पोलीस आले तरी बऱ्याचदा ‘पैशांचा वाद, आपसात मिटवा’ म्हणून मोकळे. काय मिटवायचं आपसात?

म्हणून पुन्हा सांगतो. चांगल्या बारला रस्त्यावर माणूस उभा करून गिऱ्हाईक पकडावं लागत नाही. दर दाराबाहेर लिहिलेले नसतील तर आत पाऊल टाकू नका. सहाव्या-सातव्या मजल्यावरची, एकाच चिमुकल्या लिफ्टची जागा असेल तर जास्तच सावध. बसण्याआधी विचारा: टेबल चार्ज किती, सर्व्हिस किती टक्के, तास संपल्यावर काय? उत्तर कागदावर घ्या. कार्ड हातातून सोडू नका, ग्लास टेबलावर सोडून टॉयलेटला जाऊ नका. अडकलात तर सही करू नका, एटीएमपर्यंत जाऊ नका. इमारतीचं नाव आणि मजला सांगून 110 फिरवा, नाहीतर सरळ पोलीस चौकी गाठा.

पण ऐकतंय कोण! उलट इझाकायात, म्हणजे साध्या जपानी दारू-खाण्याच्या ठिकाणी, तीन-चारशे येनची ओतोशीची (न मागता येणाऱ्या छोट्या पदार्थाची) वाटी समोर आली की हीच मंडळी ‘फसवलं, फसवलं’ करतात. अरे, तो तिथला रिवाज आहे, वाटी येते, पैसे लागतात, खा गुमान! आणि तिथल्याच गोल्डन गाईच्या गल्ल्या? सात-आठ खुर्च्यांचे बार. तिथे एक बिअर घेऊन दोन तास अडवून बसायचं, न विचारता आतले फोटो काढायचे, मग कव्हर चार्जवरून हुज्जत घालायची. डोक्यात जातात ही माणसं.

शेवटची ट्रेन रात्री बारा-एकच्या दरम्यान जाते, पुढची थेट पहाटे साडेचारच्या सुमारास. हे बघूनच बाहेर पडायचं असतं. रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीला वीस टक्के जादा. गाडी चुकली की डोकं चालत नाही, आणि तो सुटातला माणूस नेमका त्याच वेळची वाट बघत उभा असतो.

आणि रीलवाल्यांनो, निऑन पाट्या आणि तिथल्या इमारतीवरचं गॉडझिलाचं डोकं पुरे झालं. एकदा तरी दारावरचं दरपत्रक दाखवा!