सागवानी खुराडं

मुंबईत चाळ पाडली की तिचं लाकूड कोणाचं होतं, माहितीये? बहुतेक वेळा पाडकामाच्या कॉन्ट्रॅक्टरचं. तुम्ही त्या खोलीत जन्मलात, चौकटीवर पेन्सिलीने पोरांच्या उंच्या मांडल्यात, दर दसऱ्याला तोरण बांधलंत, तरी चावी हातातून गेली की दार त्याचं. बाबांना हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा ते स्वतःच्याच खोलीच्या खिडकीसाठी भर उन्हात घासाघीस करत उभे, आणि समोरचा मुकादम म्हणतोय, "काका, बर्मा टीक आहे, एवढ्यात नाही परवडत." जसं काही याच्या आजोबांनी रंगूनहून डोक्यावर आणलं होतं.

खिडकी आली. मालाडच्या भाड्याच्या घरात हॉलच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि आईने तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. बाबा रोज म्हणायचे, बघ, उपयोग झाला की नाही.

तेवढ्यात मनोरीहून आत्याचा फोन. मुंगसाने दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, नेल्या, डालग्याखाली आता काही खरं नाही, खुराडं पाहिजे, आणि रेडिमेडवाला काहीच्या काही भाव सांगतोय. बाबांचे डोळे चमकले. "अक्का, रुपया खर्च करायचा नाही. सामान आहे आपल्याकडे."

आता हे सामान मनोरीला न्यायचं कसं? टेम्पो करायचा तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा अख्खा वळसा, आणि रुपया खर्च करायचा नाही ना, मग मार्व्याहून फेरीबोट. त्या बोटीत बाइक चढतात, स्कूटर चढतात, त्यामुळे खिडकीला कोणी नाही म्हणालं नाही. मी आणि काका दोन बाजूंनी ती उभी धरून, बाबांच्या मांडीवर आमच्या जुन्या टीव्हीची ती शटरवाली लाकडी पेटी (आतला टीव्ही कधीच भंगारात गेला, पेटी नाही, पेटी कशी देणार), आणि आई चार सीट लांब, आमची ओळखच नसल्यासारखी. शेजारी रिकामी पाटी घेऊन परत निघालेली एक मावशी.

"कुठं घर बांधतांव?"

"घर नाही, खुराडं. कोंबड्यांना."

तिने गजांवरून हात फिरवला, लाकूड नखाने खरवडून बघितलं, एकदा बाबांकडे बघितलं आणि धक्का येईपर्यंत खाडीकडे तोंड करून बसली.

अंगणात पहिला वाद जागेचा. मी आपलं वाचून गेलो होतो, की कोंबडीला आत साधारण दोन ते चार चौरस फूट लागतात आणि दिवसा फिरायला बाहेर जागा वेगळी. झालं. मुंबईच्या माणसापुढे चौरस फूट हा शब्द काढू नये. काकांनी लगेच हिशेब मांडला की १८० फुटांत आपण सात जण होतो म्हणजे माणशी पंचवीस-सव्वीस, त्यातून मोरी वजा, मग बीडीडी चाळवाल्यांना १६०च्या बदल्यात ५०० मिळतात तर आपल्याला का नाही, आणि विषय कोंबड्यांवरून जो बिल्डरवर गेला तो चहा होईपर्यंत परत आला नाही. आतोबा तोवर गुपचूप ओळंबा लावून चार पाय रोवून मोकळे झाले होते. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस, बोलतो कमी. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट वर, म्हणजे पावसाळ्यात ओल नाही आणि खाली झाडता येतं.

दर्शनी बाजूला अर्थात खिडकी. मापाप्रमाणे खुराडं नाही, खिडकीप्रमाणे खुराडं. सगळं बसवून झालं, बाबा दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघतायत, आणि आत्याने पुढे होऊन आपली मूठ दोन गजांमधून आरपार घातली, मग कोपरापर्यंत हात.

"बाळ्या, मुंगूस काय पत्रिका छापून येणारे का समोरच्या दाराने?"

मग जाळी. घरात षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी होती, ती आतोबांनी पक्कडीने एका झटक्यात फाडून दाखवली. ती जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगूस आणि घूस बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची जाळीच पाहिजे, आणि बाहेर फिरायच्या जागेभोवती ती खाली फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरायची, कारण घूस जाळीशी येऊन तिथेच उकरते. वेल्डमेश फुकट मिळत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्याही नाहीत, जुने स्क्रू सरळ करण्यात काकांची अर्धी दुपार आणि एक नख गेलं. माझं स्पष्ट मत आहे, बाकी सगळं भंगारातलं चालेल, जाळी, स्क्रू आणि कडी नवीन घ्या. हे मत मी तेव्हाही मांडलं होतं पण माझं शिक्षण कॉमर्सचं.

पुढचा प्रश्न पावसाचा. मनोरीला पाऊस वरून नाही, समुद्राकडून आडवा येतो, म्हणून बाबांनी फटी शोधून शोधून बुजवल्या, अगदी डबा पॅक. आत्या म्हणाली, एक रात्र तू झोप आत. विष्ठेचा अमोनिया साठतो, डोळ्यांत जातो, कोंबड्या आजारी पडतात. वरती छपराखाली जाळीची फट ठेवायची म्हणजे वारा त्यांच्या डोक्यावरून खेळतो, अंगावर येत नाही. बुजवलेलं सगळं परत उघडलं.

बसायला दांडी म्हणून चाळीच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची काठी निघाली (हीसुद्धा आणली होती, मला बोटीत दिसली नव्हती). अंडी घालायला टीव्हीची पेटी, पेंढा घालून. ती बाबांनी हौसेने उंचावर ठेवली, आणि कोंबड्यांचं असं की जी जागा सगळ्यात उंच तिथेच त्या रात्री झोपणार, त्यामुळे सकाळी पेटीची जी अवस्था होती ती जेवताना वाचणारे असतील म्हणून सांगत नाही. आतोबांनी काही न बोलता पेटी खाली घेतली, दांडी वर. आता तांबडी कोंबडी पेटीत शिरते, तीनदा गोल फिरते, चोचीने एकेक काडी पोटाखाली ओढते आणि शटरमधून सरळ समोर बघत बसते, साडेसातच्या बातम्या द्यायला आल्यासारखी. आई मालाडहून व्हिडिओ कॉल लावून बघते. आईच.

छपराला पत्रा, आणि पत्र्यावर पाऊस वाजू नये म्हणून फ्लेक्स. गावात फ्लेक्सला काय तोटा, वाढदिवस संपला की कोणीही देतं. एका भावी नगरसेवकांचे हात जोडलेले, गॉगल, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. आत्याने मुद्दाम तोंड वर ठेवलं, म्हणजे कावळे घाबरतील. कावळे घाबरले नाहीत, उलट गॉगलवरच बसायला लागले आणि कावळे बसले की जे होतं ते झालं.

मागच्या आठवड्यात साहेबांचा एक कार्यकर्ता बाइकवरून जाता जाता थांबला. छपराकडे बघत राहिला. आतोबा पक्कड घेऊन उठून उभे राहिले, आत्याने पदर खोचला.

"मावशी," तो म्हणाला, "हा खराब झालाय. साहेबांचा वाढदिवस येतोय, वीस बाय दहाचा नवीन देतो."

"दोन दे," आत्या म्हणाली. "एक पायखान्यावर लागेल."