‘तेरा मिनिटं कापली’ म्हणण्याआधी पंचांग उघडा

एका जुन्या गुप्तहेर मालिकेतल्या कोकणच्या भागाबद्दल एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं, की हा भाग ६० मिनिटांचा होता, आता ४७ मिनिटांचाच दिसतो, म्हणजे १३ मिनिटं गाळली आणि त्यामुळेच कथेत भोकं पडली. ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात: मे महिन्याची अखेर, खाडीकाठचं गाव. वैशाख वद्य अष्टमीच्या रात्री भाचा आपल्या बागायतदार मामाला घरामागच्या विहिरीत बुडवून मारतो आणि प्रेत हातगाडीवरून जेटीवर नेऊन रात्री एक वाजता खाडीत टाकतो. दशमीला संध्याकाळी ते तीन किलोमीटर वर, म्हणजे खाडीच्या आतल्या अंगाला, कांदळात (खारफुटीत) अडकलेलं सापडतं.

आधी मिनिटांचा हिशेब. साठ मिनिटांचा स्लॉट म्हणजे साठ मिनिटांचा भाग नव्हे. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलकी चालतात. उरली ४८. त्यामुळे ४७ मिनिटांचा भाग हा पूर्ण भाग असतो. सीन खरंच कापला असेल तर डोळ्यांआधी कानाला कळतं: रातकिड्यांची किरकिर अर्ध्यात तुटते, पार्श्वसंगीत एका सुरातून दुसऱ्यात उडी मारतं. या भागात असं एकाही जागी होत नाही.

‘जेटीवर टाकलेलं प्रेत वरच्या अंगाला कसं गेलं? नदी उलटी वाहते काय?’ मेसेजमधला सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा मुद्दा हाच. उत्तर: हो, वाहते. दिवसातून दोनदा. कोकणात भरतीची वेळ काढायची रीत अशी, की तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीचे आठ, त्याची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. वेळ थोडी इकडेतिकडे होईल, पण होडी सोडायला हा हिशेब पुरतो. रात्री एकला प्रेत पाण्यात पडलं तेव्हा भरती लागून तासभर झाला होता आणि सहापर्यंत पाणी आतच शिरणार होतं.

इथे कोणी म्हणेल, अष्टमीला तर भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, मग त्याला ओढ कुठली? बरोबर आहे. उधाणाची ओढ असती तर गोष्ट वेगळी. पण ताजं प्रेत बहुधा आधी बुडतं आणि तळाशी थोडं पुढेमागे घासत राहतं. मे महिन्याच्या कोमट पाण्यात पोट फुगायला साधारण दिवस पुरतो. मग ते वर येतं आणि तरंगणाऱ्या वस्तूला पाण्याबरोबर वाराही ढकलतो. त्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे, म्हणजे खाडीच्या आत वारा सुटतो. दशमीची पूर्ण भरती साडेसातला. भरती आणि वारा दोन्ही एकाच दिशेने, आणि शिवाय अष्टमीपासून अमावास्येकडे पाणी रोज थोडं अधिक चढत जातं. कांदळाच्या मुळांत अडकलं की सुकती त्याला सहज परत नेत नाही. तीन किलोमीटर यात बसतात.

‘सकाळी खाडी भरलेली, दुपारी चिखल, संध्याकाळी परत भरलेली, वेगवेगळ्या दिवसांचं शूटिंग जोडलंय.’ वरचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब वाचा. पुढे.

‘होड्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांनी शाकारलेल्या, आणि आंब्याच्या पेट्या अजून भरतायत. दोन ऋतूंची खिचडी.’ आज यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण बंदीचा कागद नसता तरी आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, होड्या वर घ्याव्याच लागतात. आणि त्या हव्या त्या दिवशी वर येत नाहीत. मोठी होडी वरच्या वाळूपर्यंत आणायला उधाणाचं पाणी लागतं, म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या गाठतात. आठ दिवसांपूर्वीच्या वैशाखी पौर्णिमेच्या उधाणाला या होड्या वर घेतल्या असतील, असं धरलं की सगळं जुळतं. हापूसचा शेवटचा तोड मे अखेरपर्यंत चालूच असतो. खाडीत वल्ह्यांची छोटी होडी तर बंदीतही फिरते, आणि कथेतला साक्षीदार तसल्याच होडीत आहे.

‘प्रेत खाडीत, मग विहिरीत बुडवल्याचं कळलं कसं? लॅबचा सीन गायब.’ लॅबचा सीन कधी नव्हताच. त्याऐवजी सात-आठ सेकंदांचा एक शॉट आहे, ज्यात हवालदार विहिरीचं पाणी बाटलीत भरून लाखेचं सील लावतो आणि लगेच दुसरी बाटली खाडीच्या पाण्याची भरतो. ज्याला तपास माहीत आहे त्याला तेवढं पुरतं. पाण्यात डायटम नावाची एकपेशीय शैवालं असतात, त्यांचं कवच सिलिकाचं असतं. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाण्याबरोबर ती फुफ्फुसातून रक्तात जातात आणि हृदय चालू असल्यामुळे हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. मज्जा नायट्रिक ॲसिडमध्ये उकळली की मांस-चरबी जाते, कवचं उरतात. गोड्या आणि मचूळ पाण्यातली कवचं वेगळी ओळखू येतात. फुफ्फुसातल्या पाण्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण मेल्यानंतरही खाडीचं पाणी तिथे आपोआप शिरतं. म्हणून मज्जा, आणि तुलनेला दोन्ही ठिकाणचं पाणी. स्वच्छ विहिरीत डायटम कमी असले तर ही तपासणी काहीच सांगत नाही. म्हणूनच गुप्तहेर एकट्या अहवालावर थांबत नाही, आणि इथे पटकथेला पैकीच्या पैकी गुण.

‘भाच्याचा कबुलीजबाब कापला. तो एकदम पोलिसांना विहिरीकडेच घेऊन जातो.’ कबुलीजबाब दाखवून उपयोग काय होता? पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. चालतं ते एवढंच, की कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी निगडित वाक्य. जुनं कलम २७. म्हणून दोन पंच बोलावून आधी निवेदन लिहून घेतात, मग आरोपी पुढे, पंच आणि पोलीस मागे, आणि त्याने दाखवलेल्या जागेवरून वस्तू काढली की जप्तीचा पंचनामा. भागात विहिरीतून गळ टाकून मामाचा चांदीचा करगोटा काढतात तो हाच प्रकार. बागेतून चालत जाणारी ती रांग नीट पाहा: पंच मागेच आहेत. इतकी काळजी घेणारा दिग्दर्शक विरळा.

आता मेसेजचा एक मुद्दा अर्धा खरा आहे. गुप्तहेर भाच्याला म्हणतो, ‘पायाला खाडीचा चिखल नाही, जांभ्याची माती आहे.’ आपल्याला पाय कधी दिसतच नाहीत. पण यात सीन हरवलेला नाही, चित्राची पट्टी हरवलीय. हा भाग जुन्या टीव्हीच्या ४:३ च्या चौकटीत चित्रित झालेला आहे. फिरणारी प्रत रुंद पडद्यासाठी १६:९ करताना वरखाली छाटली, म्हणजे उंचीचा चौथा भाग गेला. ओटीवरच्या त्या शॉटमध्ये भाचा पायरीवर बसलाय आणि पाय चौकटीच्या तळाला आहेत. जुन्या आकाराच्या प्रतीत टाचेवरचा लाल ओरखडा स्पष्ट दिसतो. जांभ्याची माती लाल, खाडीचा चिखल काळा असतो.

गंमत म्हणजे जे एकमेव खरं भोक आहे ते मेसेजवाल्यांना दिसलंच नाही. होडीवाला सांगतो, की रात्री साडेदहाला तो सुकतीबरोबर खाली घरी येत होता आणि भाचा हातगाडीला दोर बांधताना चांदण्यात स्पष्ट दिसला. सुकती खरी, बारापर्यंत होती. पण वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. साडेदहाला चांदणं कुठलं? शुद्ध अष्टमी ठेवली असती तर भरतीचा हिशेब तोच राहिला असता आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळेपर्यंत साक्षीदाराला उजेड मिळाला असता. मात्र मग रात्री एकला जेटीवर प्रेत टाकताना डोंगरामागून वर येणारा चंद्र दाखवलाय, तो शॉट फुकट गेला असता. दोन्ही एका रात्रीत बसत नाहीत, आणि कुठलेही तेरा मिनिटांचे सीन परत जोडले तरी बसणार नाहीत.